अंगणातला ड्यूको

डिकीच्या झाकणावरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत आकसला. गनने दुसरा हात मारून मी दोन पावलं मागे सरले होते. आधी कुलपाजवळ, दुधावर साय धरावी तशी एक बारीक चुणी दिसली. मग ती पसरत गेली आणि दोनेक मिनिटांत अख्खं झाकण सुरकुतून गेलं. खालचा रंग सुटून वर आला होता. पडवीत खुर्ची टाकून बसलेले अण्णा काही बोलले नाहीत. आई आतून बघायला आली आणि तशीच परत गेली. मी गन हातात धरून उभी. आठ दिवसांपूर्वीचा डबा दुकानात विचारून आणला होता, आजचाही विचारूनच आणला होता. दोन्ही निळे, दोन्ही नवे. मग एकाने दुसऱ्याला असं उचलून का टाकावं?

हे २०२४ च्या जानेवारीतलं. त्या दिवशी मला उत्तर तर माहीत नव्हतंच, प्रश्न कोणाला आणि कसा विचारायचा तेही कळत नव्हतं.

आमची गाडी म्हणजे १९८२ ची प्रीमियर पद्मिनी, फिकट आकाशी. अण्णांनी ती घेतली तेव्हा नंबर लावून वाट बघावी लागायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट ११०० पुढे 'डिलाइट' झाली आणि १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. इंजिन १,०८९ सीसीचं, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. माझ्या दोन्ही भावंडांना आणि मला शिकवणीला, दवाखान्यात, रोह्याला मामाकडे हिनेच नेलं. अण्णांनी तिची एक लाल वही ठेवली आहे. पहिल्या दिवसापासूनचं पेट्रोल, ऑइल, टायर, ब्रेकचे लायनर, सगळं तारखेनिशी. त्या वहीने मला पुढे जितकी मदत केली तितकंच एका जागी अडवलंही, ते सांगतेच.

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. टीव्हीवर बातमी लागली होती. अण्णा ती पूर्ण होईपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "आपली अजून आहे." दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ते फडकं घेऊन गाडी पुसत होते आणि फडक्याबरोबर रंगाचे पोपडे निघत होते.

आमच्या डोलवीत पत्रा टिकवणं सोपं नाही. एका अंगाला मुंबई-गोवा हायवे, दुसऱ्या अंगाला धरमतरची खाडी. उधाणाच्या दिवसांत हवा ओठांना खारट लागते. इथल्या पोलाद कारखान्यातून पत्र्याच्या अवजड गुंडाळ्या घेऊन ट्रेलर निघतात, त्याच रस्त्याकडेच्या घरांच्या खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी खरवडावे लागतात. गाडीच्या दारांखालचा पत्रा, मडगार्डांच्या कडा, मागच्या काचेच्या रबराखालची पट्टी, जिथे पाणी साचतं तिथे गंज धरला होता. तरी आरपार भोकं फक्त दोन होती. ती वेल्डिंगवाल्याने एका दुपारी नवा पत्रा जोडून बुजवली.

रंगाचा भाव काढायला दोन गॅरेजांत गेले. एकाने सगळं मिळून ४८,००० सांगितले, दुसऱ्याने एवढी जुनी गाडी घेतच नाही म्हणून हात जोडले. माझ्याकडे त्या कामासाठी १५,००० बाजूला होते. म्हणून ठरवलं की घरीच करायचं. हा निर्णय मी रंगाबद्दल शून्य माहिती असताना घेतला. तिथून गोंधळ सुरू झाला.

गोंधळ शब्दांचाच होता. दुकानात जावं तर ऑइल पेंट, एनॅमल, क्यूडी, एनसी, ड्यूको, पीयू, टू-के, बेस कोट, क्लिअर असे शब्द कानावर आदळायचे आणि त्यातलं काय कशाचं दुसरं नाव आहे तेच समजायचं नाही. आता जे समजलं आहे ते आधी सांगते. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाचा एक मंद थर असतो आणि त्यावर पारदर्शक वार्निशाचा दुसरा, चकाकी त्या दुसऱ्याची. जुन्या गाड्यांना रंग आणि चकाकी एकाच थरात मिळायची. तोच सिंगल स्टेज रंग. तो आत-बाहेर एकसारखा असतो, त्यामुळे वरून मंद झाला तरी घासला की खालून ताजा रंग निघतो. घरी काम करणाऱ्याला हा मोठा आधार असतो, कारण घासणं मला येत होतं. गन चालवणं येत नव्हतं.

पण सिंगल स्टेजमध्येही तीन अगदी वेगळ्या जाती आहेत आणि मी त्या तिन्ही एकच समजत होते. हार्डवेअरच्या दुकानात मला सगळ्यात स्वस्त डबा मिळाला तो ऑइल पेंटचा, म्हणजे सिंथेटिक एनॅमलचा. दरवाजे, ग्रिल, लोखंडी कपाटं यांना मारतात तोच. "लोखंडाला चालतो ना?" मी विचारलं. "चालतो की," दुकानदार म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. डिकीचं झाकण जरासं घासून मी एका संध्याकाळी रोलरने तो मारला. रात्री दव पडलं. सकाळी त्यावर चिलटं चिकटलेली, हायवेची धूळ बसलेली. चार दिवसांनी हात लावला तर कोरडा वाटला, पण नख दाबलं की खूण उठायची. तेव्हा दुसऱ्या दुकानात कोणी सांगितलं, "गाडीला ऑइल कशाला? ड्यूको मारा." मी ड्यूको आणला, गन उसनी आणली, आणि पुढे काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच.

ते सुरकुतलेलं झाकण मी स्कूटीवर पुढ्यात धरून हमरापूरला नेलं. पेण तालुक्यातलं हे गाव आणि शेजारचं जोहे, गणपतीच्या कारखान्यांचं. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांचा तिथे कारखाना आहे. गन आणि छोटा कंप्रेसर या काकांकडूनच आणले होते. त्या दिवसांत त्यांच्याकडे साच्यातून मूर्ती काढायचं काम चालू होतं, रंगकाम सुरू व्हायचं होतं. सगळी शेड पांढऱ्याशुभ्र, डोळे नसलेल्या गणपतींनी भरलेली. काकांनी झाकण उलटसुलट करून पाहिलं, नखाने एक सुरकुती उचलली आणि नाकाला लावली.

"बाई, खाली ऑइल हाय ना?"

मी हो म्हटलं.

"ऑइल पेंट हवा खाऊन घट्ट होतो. वरून कातडं धरतो, आतून कच्चा असतो. ड्यूकोचा थिनर लय कडक. तो आत मुरला, आतलं कच्चं फुगलं. मग ते जाणार कुठं? वरच येनार."

इतक्या साध्या शब्दांत मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. एनॅमल वाळतो म्हणजे त्यातलं तेल हवेतल्या प्राणवायूशी जोडलं जाऊन घट्ट होतं, आणि त्याला आठवडे लागतात. ड्यूको, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग, दुकानातला 'एनसी', हा नुसता थिनर उडून गेला की घट्ट होतो, दहा मिनिटांत. त्यात रासायनिक बदल काहीच होत नाही. म्हणूनच त्यावर पुन्हा थिनर टाकला तर तो पुन्हा विरघळतो, वर्षांनीसुद्धा. तिसरी जात पीयूची, दोन डब्यांची. रंग आणि हार्डनर मिसळले की ते एकमेकांत गुंतून कायमचे घट्ट होतात. मग थिनर त्याचं काही करू शकत नाही.

याच फरकावरून जुन्या गाडीवर काय आहे ते ओळखता येतं, हे काकांनी मला दाखवलं. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासायचं. फडक्याला गाडीचा रंग लागला तर सिंगल स्टेज. फडकं पांढरंच राहिलं तर वर क्लिअरचा थर. मग आड जागी थिनरचा बोळा मिनिटभर दाबून धरायचा. रंग विरघळून बोळ्यावर आला तर ड्यूको, सुरकुतला तर एनॅमल, काहीच झालं नाही तर पीयू किंवा कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग.

घरी येऊन मी शाळेच्या वहीच्या जोडपानावर पद्मिनीचा उलगडलेला नकाशा काढला. बॉनेट, टप, चार दारं, चार मडगार्ड, डिकी. प्रत्येक जागी चाचणी करून नोंद केली. टप आणि बॉनेट विरघळले. डावीकडचं पुढचं दार ढिम्म. मागचं उजवं मडगार्ड सुरकुतलं. एकाच गाडीवर तीन प्रकार! अण्णांची लाल वही काढली. १९९१: 'पूर्ण गाडी रंग'. २००७: 'वडखळला ट्रकने घासली, डावा दरवाजा नवा, रंग'. २०१३: 'उजवे मागचे मडगार्ड, रंग'. रक्कम, तारीख, गॅरेजचं नाव, सगळं होतं. कोणता रंग, ते कुठेच नव्हतं. अण्णांना विचारलं तर त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, "तेव्हा रंग म्हणजे रंगच." मला त्यांची चूक अजिबात वाटली नाही. महिनाभरापूर्वी मीही तेच म्हणत होते.

आता निवड करायची होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांचं मत पीयूच्या बाजूने होतं. पनवेलच्या ज्या दुकानात गाड्यांचे रंग मिसळून देतात तिथे त्यांनी मला पीयूचा नमुना दाखवला. काचेसारखा. तीन-चार हातांत काम होतं, उन्हापावसात वर्षानुवर्षं टिकतो, पेट्रोल सांडलं तरी डाग नाही. लिटरचा भाव ड्यूकोच्या दुपटीहून जास्त, पण ड्यूकोचे हात जास्त लागतात आणि थिनर तर त्याला रंगाच्या बरोबरीने किंवा दीडपट घालावा लागतो. गाडीभर हिशेब केला तर फरक बराच कमी झाला. मी जवळजवळ घेतलाच होता. मग हार्डनरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. आयसोसायनेट.

या एका शब्दासाठी मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि त्याचा मला आजही आनंद आहे. फवारलेल्या पीयूच्या धुक्यात आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं तर माणसाला दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी कणभरानेही झटका येतो. त्याला वास जवळजवळ नसतो, त्यामुळे मास्क निकामी झालाय हे नाकाला कळत नाही. मोठ्या कारखान्यांत पेंटरला नळीतून बाहेरची स्वच्छ हवा पुरवतात ती यासाठीच. तोंडाला रुमाल बांधून पीयू मारणारी मुलं मी रस्त्याकडेच्या गॅरेजांत पाहिली आहेत. त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं, आणि नुसतं सांगून भागणार नाही, साधनंही द्यायला हवीत.

अण्णांना दमा आहे. अंगण दहा पावलांचं, शेजारच्यांची खिडकी लागून. पीयूचा विषय तिथेच संपला. पण मग लक्षात आलं की डिकी रंगवताना मी त्यांना पडवीत, वाऱ्याच्या दिशेला बसू दिलं होतं. ड्यूकोचा थिनरही काही निरुपद्रवी नाही. डोकं जड होतं, छातीत भरतो. त्या दुपारची आठवण झाली की मला अजून अपराधी वाटतं. गन पुन्हा उचलायच्या आधी मी अण्णांना आणि आईला मामाकडे रोह्याला पोचवून आले आणि स्वतःसाठी सेंद्रिय वाफा शोषणारा, कोळशाच्या डब्या लावायचा मास्क आणला. त्याचे १,४०० रुपये हा सगळ्या खर्चातला पहिला खर्च असायला हवा होता. तो चौथा होता.

म्हणजे ड्यूको. हे नाव मुळात ड्यूपॉन्ट कंपनीच्या रंगाचं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाड्यांना तो निळ्या छटेत लावला, आणि गाडी रंगवायला जिथे आठवडे लागायचे तिथे तासांत काम होऊ लागलं. शंभर वर्षांनी त्या कंपनीचा डबा आपल्याकडे दिसत नाही, पण पेणच्या गॅरेजात अजून 'ड्यूको मार' असंच म्हणतात. त्याचा पाया आहे कापसाचा सेल्युलोज, नायट्रिक आम्लात प्रक्रिया केलेला. त्याच घराण्यातल्या पदार्थाची फिल्म जुन्या सिनेमांना वापरायचे. दादासाहेब फाळक्यांच्या काळातले चित्रपट त्याच फिल्मवरचे, आणि २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आग लागून जुन्या चित्रपटांचा अमोल साठा गेला तोही नायट्रेट फिल्मचा. हे कळल्यावर मी ड्यूकोच्या डब्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. थिनरने भिजलेली फडकी रोज पाण्याच्या बादलीत टाकायची, काम चालू असताना स्वयंपाकघरातला सिलिंडर बंद, बटणाला हात नाही, शेजाऱ्यांना आधी सांगायचं. बंब-विस्तवाचं घर असेल तर अंगणात हे काम करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगाची छटा ठरवणं त्यामानाने सोपं गेलं. स्टेपनी काढली तर तिच्याखाली, चाळीस वर्षं ऊन न लागलेल्या पत्र्यावर, मूळचा आकाशी जसाच्या तसा होता. आम्ही ज्याला आकाशी म्हणत आलो तो खरं तर उडून फिकटलेला रंग. मूळचा बराच गडद, शाईच्या पाण्यासारखा. अण्णा बराच वेळ वाकून बघत राहिले. "हाच," म्हणाले, "हाच घेतला होता." गाडीच दुकानापर्यंत नेली आणि रंग मिसळणाऱ्या मुलाने कार्डं उन्हात धरून जुळणी केली. दुसरा कोणता रंग मारायचा विचार मनात आलाच नाही, शिवाय रंग बदलला तर आरसी बुकात नोंद बदलून घ्यायला पेणच्या आरटीओत खेपा आल्या. जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यायच्या खेपा असतातच, त्यात ही भर नको.

मग तीन आठवडे नुसतं घासणं. शाळा सुटल्यावर दोन तास, रविवारी दिवसभर. सुरकुतलेलं मडगार्ड आणि डिकी पूर्ण पत्र्यापर्यंत खरवडली. बाकी जिथे रंग घट्ट होता तिथे ३२० नंबरचा वॉटर पेपर. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून रंगाचं घासकाम सगळं पाणी लावून, धूळ उडू न देता. पोपड्याच्या कडेला घासत गेलं की थरांची वर्तुळं दिसू लागायची: वर फिकट निळा, मग करडा, मग गडद निळा, मग तांबडा प्रायमर, मग चंदेरी पत्रा. तो तांबडा म्हणजे रेड ऑक्साइड, लोखंडाचाच ऑक्साइड, आपला गेरू. ज्या गंजाशी मी भांडत होते त्याच्याच भाऊबंदाने इतकी वर्षं पत्रा सांभाळला होता.

उघडा पत्रा मात्र डोलवीत रात्रभरही ठेवता येत नाही. पहिल्या दिवशी ठेवला तर सकाळी त्यावर नारिंगी झाक आलेली. तेव्हापासून जेवढा पत्रा उघडा करायचा तेवढ्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, हा नियम केला. पोचे भरायला लांबी लावली, ती पण प्रायमरवर. लांबी पाणी शोषते, खाली गंज पकडते. म्हणून ती पातळ लावायची आणि कोरडी घासायची, हेही मी एकदा चुकून, भिजवून शिकले.

गन शिकायला पुन्हा हमरापूर. काकांनी मला गाडीच्या आधी एक पत्र्याचं पिंप दिलं. "पिंप गोल हाय, तुमची गाडी पन गोल हाय," म्हणाले. मनगट फिरवायचं नाही, सगळा हात सरकवायचा. पत्र्यापासून एक वीत अंतर. कडेच्या बाहेर घोडा दाबायचा, दुसऱ्या कडेच्या बाहेर सोडायचा. मागच्या पट्ट्यावर अर्धा पट्टा चढवत जायचं. जवळ गेलं की ओघळ, लांब गेलं की रंग हवेतच वाळून पत्र्यावर भुकटी बसते. पिंप मी पाच वेळा रंगवलं आणि पाच वेळा थिनरने पुसलं. ड्यूकोचा हा उदारपणा मला तिथेच कळला. मूर्तीवर हात चालवणारी त्यांची सून शेजारीच एका रिकाम्या पाटीवर मला पट्टे मारून दाखवायची. तिच्या हाताला अंतर मोजावं लागत नव्हतं. काकांनी मोठा कंप्रेसरही दिला, कारण मूर्तीला पुरणारी हवा गाडीच्या बॉनेटला पुरत नाही. वर बजावलं की टाकीचा खालचा नळ रोज सोडायचा. सोडला तर पेलाभर पाणी निघालं. खाडीकाठची हवा दाबली की तिच्यातलं पाणी असं गळतं, आणि ते गनमधून रंगात गेलं की फोड येतात.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी, सुट्टी बघून, सकाळी साडेसातला मी टपाला पहिला हात मारला. वारा नव्हता, धूळ नव्हती, मला वेळ उत्तम वाटली. पाच मिनिटांत टप दुधाळला. निळ्यावर पांढरं धुकं, पुसलं तरी जाईना. मला रडू आलं. फोन केला तर काकांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता मारलात?"

थिनर उडताना पत्रा थंड पडतो, अंगावरचा घाम उडताना आपल्याला गार वाटतं तसाच. हवा दमट असली की त्या थंड पत्र्यावर हवेतलं पाणी बसतं आणि ओल्या रंगात अडकतं. पेंटर त्याला ब्लशिंग म्हणतात. कोकणातल्या सकाळी, दव उडायच्या आत, हे होणारच. उपाय दोन: रिटार्डर नावाचा सावकाश उडणारा थिनर थोडा मिसळायचा, आणि वेळ बदलायची. दहाच्या सुमाराला दव उडालेलं असतं आणि एकच्या पुढे खाडीकडचा वारा धूळ घेऊन येतो. मधले तीन तास आपले. त्याच दिवशी अकरा वाजता दुधाळलेल्या टपावर रिटार्डर घातलेला एक पातळ हात मारला आणि धुकं डोळ्यांसमोर विरून गेलं. नवा थिनर जुन्या हातात मुरला, अडकलेलं पाणी सुटून गेलं. डिकीवर ज्या गुणाने मला रडवलं होतं त्याच गुणाने टप वाचवला.

पुढचं काम चार शनिवार-रविवारांत झालं. प्रत्येक भागाला सहा हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं, तिसऱ्या हातानंतर ८०० नंबरचा हलका पेपर. पाच लिटर रंग, सात लिटर थिनर. डाव्या दारावरच्या पीयूची भीती होती, पण ४०० नंबरने घासून मारला तर त्याने हूं की चूं केलं नाही. पूर्ण पिकलेल्या पीयूला थिनर काही करत नाही, हे वहीच्या नकाशावर लिहिलेलंच होतं. एकूण खर्च १३,६०० झाला, त्यात फुकट गेलेला ऑइल पेंटचा डबाही आला.

दोन आठवडे रंग बसू दिला. मग १५०० आणि २००० नंबरचा पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून घासलं आणि शेवटी रबिंग कंपाउंड. ड्यूको गनमधून चकाकत निघत नाही. चकाकी हाताने काढावी लागते. बॉनेटचा वीतभर तुकडा पहिल्यांदा चमकला आणि त्यात आमचा माड दिसला, तेव्हा मी कंपाउंडचा डबा ठेवून तिथेच पायरीवर बसले. बराच वेळ.

आणि लगेच दुसऱ्या दिवशी मडगार्डाच्या कडेवर जास्त दाब पडला. करड्या प्रायमरची बोटभर रेघ उघडी. कडेवर रंग पातळ असतो, तिथे घासायचंच नाही, हवं तर आधी टेप लावायची, हे आता माहीत आहे. पीयू असतं तर अख्खं मडगार्ड पुन्हा करायची पाळी येऊ शकली असती. इथे छोट्या गनने चार पातळ हात, एक रात्र वाट, आणि पुन्हा घासणं. जोड मलाही सापडत नाही.

चार-सहा वर्षांत हा रंग उन्हाने मंद पडेल, दगड लागला की टवका जाईल. पीयूसारखा तो टिकणार नाही, हे मला मान्य आहे. पण तेव्हा मला गॅरेज लागणार नाही.

रोह्याहून आल्यावर अण्णा गाडीभोवती एकदा फिरले, मग चष्मा लावून दुसऱ्यांदा फिरले. दारं उघडून बंद केली. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी लाल वही मागितली, तारीख घातली, आणि पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "सांग," म्हणाले. मी सांगत गेले, ते लिहीत गेले: 'पूर्ण गाडी, घरी. नायट्रोसेल्युलोज, म्हणजे ड्यूको. थिनर एनसीचा, सोबत रिटार्डर. वेळ सकाळी दहा ते एक. डाव्या दरवाजाखाली पीयू. उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर. उरलेला रंग माळ्यावर, अर्धा लिटर.' मग वरच्या बाजूला, १९९१ च्या, २००७ च्या आणि २०१३ च्या ओळींपाशी परत जाऊन, जिथे नुसतं 'रंग' लिहिलं होतं तिथे त्यांनी कंसात एकेक शब्द भरला.